अपुरा फ्यूग आणि मुलाची नोंद

१९८०च्या दशकात आमच्या घरी एक कॅसेट होती. वडिलांच्या एका मित्रांनी परदेशातून येताना आणलेली. दोन्ही बाजूंना फक्त हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीच्या काळातलं, तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य. दुसऱ्या बाजूच्या शेवटी एक लांबलचक रचना होती. आवाज एकमेकांत गुंतत, भरत चाललेले असायचे आणि एकाएकी सगळं गप्प व्हायचं. सम नाही, तिहाई नाही, हळूहळू विरत जाणंही नाही. बोलता बोलता वाक्य अर्धं टाकून कुणी खोलीतून उठून जावं, तसं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वडिलांना वाटलं, टेप अडकली. त्यांनी कॅसेट काढली, पेन्सिल घालून गुंडाळी घट्ट केली, पुन्हा लावली. पुन्हा त्याच जागी शांतता. मग वेष्टणातला घडी केलेला कागद उलगडून त्यांनी वाचला आणि आम्हांला सांगितलं, ‘बाख इथे गेला. लिहिता लिहिता.’

पुढची पंधरा-वीस वर्षं ही गोष्ट मी अनेकांना सांगितली. ऐकणारा प्रत्येक वेळी क्षणभर स्तब्ध व्हायचा. गोष्ट होतीच तशी. त्या रचनेत बाखने शेवटी स्वतःचं नाव स्वरांत गुंफलं आहे आणि नाव गुंफून होताच लेखणी गळून पडली आहे! तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ आलं की अभंग मिटतो, तसं इथे नाममुद्रा उमटली आणि आयुष्यच मिटलं. नंतर बाखविषयीचं संशोधन वाचू लागलो तेव्हा कळलं, की या गोष्टीचा पाया म्हणजे हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावरची एका वाक्याची नोंद आहे आणि ते वाक्य बाखच्या मुलाच्या हातचं आहे. त्या वाक्याची उलटतपासणी गेली शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे. हा लेख त्या तपासणीविषयी आहे.

आधी फ्यूग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्या संगीतात त्याला जोडीदार नाही. शब्द लॅटिनमधला आहे, अर्थ पळणं किंवा पळ काढणं. एक आवाज एकटाच एक छोटी सुरावट म्हणतो. तिला त्या रचनेचा ‘विषय’ म्हणतात. ती संपताच दुसरा आवाज तीच सुरावट पाच स्वर वरून किंवा चार स्वर खालून उचलतो. अभंगाची ओळ बुवांनी म्हटली की टाळकरी ती उचलतात, इथपर्यंत आपल्याला हे ओळखीचं वाटेल. पण भजनात टाळकरी म्हणत असताना बुवा दम घेतात. फ्यूगमध्ये पहिला आवाज थांबत नाही. तो दुसऱ्याच्या डोक्यावरून काहीतरी वेगळं, पण त्याच्याशी जुळणारं गात राहतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. पाठशिवणीचा हा खेळ चालू असताना चारही आवाजांनी प्रत्येक क्षणी एकमेकांशी सुसंवादी राहायचं असतं. आणि वाद्य पट्ट्यांचं असेल तर हे चारही जण एकाच माणसाच्या दहा बोटांत राहतात.

योहान सेबास्टियान बाख हा या खेळातला सगळ्यांत मोठा गडी, यावर आज फारसा वाद नाही. तो जिवंत असताना मात्र होता. २१ मार्च १६८५ रोजी आयझेनाख या गावी त्याचा जन्म झाला. आपल्याकडे ‘घराणं’ म्हणतो त्या दोन्ही अर्थांनी ते घराणं होतं. थुरिंगिया प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या इतके बाख वाजंत्री, ऑर्गनवादक आणि गायनशिक्षक होऊन गेले, की एरफुर्टमध्ये शहराच्या नोकरीतल्या वादकांना, आडनाव काही असलं तरी, लोक ‘बाख’च म्हणत. योहान सेबास्टियान १७२३ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस शाळेचा कँटर झाला. मुलांना शिकवायचं, शहरातल्या मुख्य चर्चमध्ये दर रविवारचं संगीत उभं करायचं, नगरपालिकेशी हुज्जत घालायची, अशी ती नोकरी. ती त्याने सत्तावीस वर्षं केली. त्याला एकूण वीस मुलं झाली, त्यांतली दहा मोठेपणापर्यंत जगली.

१७४०च्या सुमाराला फ्यूग जुना झाला होता. १७३७ मध्ये योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने बाखवर उघड टीका केली होती, की याचं संगीत फुगलेलं आणि गुंतागुंतीचं आहे, अतिकारागिरीखाली यातलं सौंदर्य झाकोळून जातं. तरुणांना एक गोड सुरावट आणि तिला साधी साथ हवी होती. बाखची स्वतःची मुलंही त्याच वाटेने चालली होती. अशा वेळी जवळजवळ साठीला आलेल्या माणसाने काय करावं? बाखने एकच विषय घेतला आणि त्या एकाच विषयातून फ्यूगचे जेवढे म्हणून प्रकार निघतात ते सगळे मांडायला सुरुवात केली. साधे, उलटे, दुपटीने ताणलेले, निम्म्यावर आवळलेले, दोन विषयांचे, तीन विषयांचे. या संग्रहाचं नाव ‘दी कुन्स्ट डेअर फूगे’, फ्यूगची कला. हस्तलिखितावर हे नाव आहे ते बाखच्या हातचं नाही. त्याचा जावई आल्टनिकोल याच्या अक्षरात आहे.

तो मूळ विषय बारा स्वरांचा आहे. पेटी असेल त्यांनी वाजवून पाहावा: सा, प, कोमल ग, सा, मंद्रातला शुद्ध नी, सा, रे, कोमल ग, म, कोमल ग, रे, सा. कुणाला कीरवाणीची सावली दिसेल, पण रागाशी याचा काही संबंध नाही. ऐकायला तो अगदी साधा आहे, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. आणि ते साधेपण हेतुपुरस्सर आहे, कारण पुढे याला उलटासुलटा करून, कापून, ताणून घ्यायचं आहे. सुती कापडाला जे करता येतं ते जरीला करता येत नाही.

या संग्रहातले दोन फ्यूग तर असे आहेत, की सबंध रचनाच आरशात धरावी तशी उलटी करता येते. वर जाणारा प्रत्येक स्वर खाली जातो, सगळ्यांत वरचा आवाज सगळ्यांत खालचा होतो, आणि तरीही ते संगीतच राहतं. आपल्याकडे सोळाव्या शतकात गोदाकाठच्या पार्थपूरच्या दैवज्ञ सूर्य कवीने रामकृष्णविलोमकाव्य लिहिलं. सुलट वाचलं तर रामकथा, उलट वाचलं तर कृष्णकथा. त्याची जात हीच. फरक असा, की विलोमकाव्यातले उलटे श्लोक समजायला टीका लागते आणि बाखचा उलटा फ्यूग टीकेशिवाय गोड लागतो. (हे मी संस्कृतच्या जाणकारांची क्षमा मागून लिहितो आहे.)

अपुऱ्या फ्यूगकडे येऊ. त्याचा पहिला विषय सात दीर्घ स्वरांचा आहे: सा, प, म, कोमल ग, म, प, सा. वाचकांच्या लक्षात आलंच असेल, हा विषय सुलट आणि उलट एकच आहे. तो चारही आवाजांतून सावकाश फिरतो. मग पळत्या स्वरांचा दुसरा विषय येतो, तोही फिरतो, आणि पहिला त्याच्यात मिसळतो. मग १९३व्या बारमध्ये (आवर्तनासारखा मात्रांचा ठरावीक खंड म्हणजे बार) तिसरा विषय येतो आणि त्याचे पहिले चार स्वर म्हणजे संगीतकाराचं नाव. जर्मन लोक स्वरांना अक्षरांनी ओळखतात आणि त्यांच्याकडे एक जास्तीचं अक्षर आहे. इंग्रज ज्याला ‘बी फ्लॅट’ म्हणतात त्याला जर्मन नुसतं ‘बी’ म्हणतात, आणि इंग्रजांच्या ‘बी’ला ‘एच’. त्यामुळे बी-ए-सी-एच ही त्यांच्या आडनावाची अक्षरं वाजवता येतात. आपल्या सा-च्या हिशेबाने कोमल ध, प, कोमल नी, शुद्ध ध. चारही स्वर अगदी चिकटून, एका चिमटीत मावतील असे. ऐकताना कुणीतरी दातओठ खाऊन नाव सांगतं आहे असं वाटतं.

हा विषय फिरून झाल्यावर तिन्ही विषय पहिल्यांदा एकत्र येतात. सात बार. २३९व्या बारमध्ये एकच आवाज थोडा पुढे जातो आणि थांबतो. पुढे कोऱ्या रेघा आहेत. त्या जागी कार्ल फिलिप एमान्युएल बाख या मुलाने लिहिलं आहे, की ज्या फ्यूगमध्ये बाख हे नाव गुंफलं आहे, त्या या फ्यूगवर काम करत असताना रचनाकर्ता मरण पावला. हे हस्तलिखित आज बर्लिनच्या राजकीय ग्रंथालयात आहे.

पहिला प्रश्न साधा आहे. मुलगा तिथे होता का? नव्हता. कार्ल फिलिप त्या वेळी बर्लिन-पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या पदरी हार्प्सिकॉर्डवादक होता. राजा बासरी वाजवायचा आणि हा साथ करायचा. वडील लाइपझिगला गेले ते त्याच्या डोळ्यांदेखत नाही.

दुसरा प्रश्न जास्त त्रासदायक आहे. वडील गेले ते कसे? याची हकीकत आपल्याला बरीच नीट माहीत आहे आणि त्या हकीकतीत लेखणी नाही. बाखची दृष्टी अधू झाली होती. मार्च १७५०च्या शेवटी जॉन टेलर नावाचा एक इंग्रज नेत्रवैद्य फिरत फिरत लाइपझिगला आला. स्वतःची जाहिरात करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने बाखच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा केली. पद्धत जुनीच होती. सुईने धूसर झालेलं भिंग डोळ्याच्या आत खाली ढकलायचं. सुश्रुताने ‘लिंगनाश’ या विकारावर हीच सांगितली आहे, आणि पुढे तंजावरच्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात मोतीबिंदूच्या रुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या जात त्याही याच उपचाराच्या. पण सुश्रुत शस्त्रक्रियेनंतर काय काय पाळावं ते बारकाईने सांगतो आणि टेलर तोवर पुढच्या गावी गेलेला असायचा. बाखची दृष्टी पूर्ण गेली, आणि नंतरच्या औषधांनी एरवी ठणठणीत असलेली प्रकृतीही ढासळली. याच टेलरने १७५८ मध्ये हेंडेलच्या डोळ्यांवरही हात चालवला. हेंडेल बाखचा समवयस्क, जन्म त्याच १६८५ सालचा, शेजारच्याच प्रदेशातला. दोघांची भेट आयुष्यात झाली नाही. दोघांना जोडणारी व्यक्ती कोण, तर हा माणूस.

मृत्यूच्या दहा दिवस आधी एका सकाळी बाखला अचानक पुन्हा दिसू लागलं, उजेड सहन होऊ लागला. काही तासांतच पक्षाघाताचा झटका आला, मग जोराचा ताप. २८ जुलै १७५० रोजी संध्याकाळी सव्वाआठ वाजून गेल्यावर तो गेला. हे सगळं त्याच्या मृत्युलेखात आहे आणि तो मृत्युलेख लिहिणाऱ्या दोघांपैकी एक कार्ल फिलिप एमान्युएल आहे. म्हणजे वडील शेवटचे चार महिने आंधळे होते हे मुलाला पक्कं ठाऊक होतं. आंधळा माणूस स्वतःच्या हाताने पाच पानं स्वरलेखन कसं करील? आणि ही पानं बाखच्याच हातची आहेत.

तेव्हा मुलाने लिहिलेल्या गोष्टी एकापुढे एक ठेवून पाहिल्या पाहिजेत. १७५१ मध्ये कुटुंबाने हा संग्रह छापला. त्याला जोडलेल्या निवेदनात म्हटलं आहे, की डोळ्यांचा आजार आणि त्यापाठोपाठ आलेला मृत्यू यांमुळे लेखकाला शेवटचा फ्यूग पुरा करता आला नाही. भरपाई म्हणून शेवटी एक प्रार्थनागीत जोडलं आहे, ते त्याने अंधपणात एका स्नेह्याला तोंडी सांगून लिहवून घेतलं होतं. ही पहिली आवृत्ती. १७५४ मध्ये मृत्युलेख छापून आला. त्यात म्हटलं आहे, की शेवटच्या आजारपणामुळे शेवटून दुसरा फ्यूग आराखड्याप्रमाणे पुरा करायचा राहिला आणि चार विषयांचा, चारही आवाजांत स्वर न् स्वर उलटा होणारा शेवटचा फ्यूग रचायचाच राहिला. ही दुसरी. आणि हस्तलिखितावरची नोंद, जी अभ्यासकांच्या मते बरीच नंतरची आहे, ही तिसरी. आधी आजार आणि मृत्यू, मग नुसतं आजारपण, मग नुसता मृत्यू. गोष्ट दर वेळी आखूड होत गेली, आणि जसजशी आखूड झाली तसतशी जास्त लक्षात राहण्याजोगी झाली.

मुलगा खोटं बोलला असं मला म्हणायचं नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एक गोष्ट असते. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी ज्ञानेश्वरी उघडी होती. आत्या सांगते उघडी होती, काका सांगतात फडताळात होती. पन्नास वर्षांनी ती उघडीच असते, आणि पानही कोणतं ते ठरलेलं असतं.

तोंडी सांगितलेल्या प्रार्थनागीताची गत तीच आहे. ‘मृत्युशय्येवरची रचना’ म्हणून त्याची ख्याती झाली. प्रत्यक्षात तिचा गाभा बाखने वायमारला असताना, म्हणजे तिशीत किंवा त्याच्या आसपास, लिहिलेल्या ऑर्गनच्या एका छोट्या रचनेत आहे. आंधळ्या माणसाने शेवटी जुनी वही आठवून तिची डागडुजी केली असेल, हे अगदी शक्य आहे. मला तर ती हकीकत दंतकथेपेक्षा जास्त जवळची वाटते.

एकोणिसाव्या शतकात गोंधळ आणखी वाढला. छापील प्रतीत या अपुऱ्या फ्यूगला ‘तीन विषयांचा फ्यूग’ असं शीर्षक आहे. त्यात संग्रहाचा तो मूळ बारा स्वरांचा विषय कुठेच नाही. मग हा या संग्रहातला कशावरून? बाखचा पहिला मोठा चरित्रकार फिलिप श्पिटा याच्या मते तो नव्हताच. भलताच एक फ्यूग चुकून आत आला आहे असं त्याचं म्हणणं होतं. असं म्हणायला जागाही होती, कारण छापणाऱ्यांनी इतर घोटाळे केलेच होते. दहाव्या फ्यूगचा जुना खर्डा स्वतंत्र रचना समजून त्यांनी पुन्हा छापला आहे. एवढी गफलत बाखच्या हयातीत झाली असती असं वाटत नाही.

१८८१ मध्ये गुस्टाव्ह नोटेबोम याने हा गुंता सोडवला. हा व्हिएन्नाचा अभ्यासक बेटोव्हेनच्या कच्च्या वह्यांवरच्या कामासाठी ओळखला जातो. त्याने केलं ते इतकं सोपं आहे, की १३० वर्षं कुणाला कसं सुचलं नाही याचं नवल वाटतं. त्याने अपुऱ्या फ्यूगचे तीन विषय एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्यावर संग्रहाचा मूळ बारा स्वरांचा विषय ठेवून पाहिला. तो बसला. चारही एकाच वेळी वाजतात, कुठे खटकत नाहीत. असा मेळ योगायोगाने बसत नाही. म्हणजे हा फ्यूग तीन विषयांचा नव्हताच. तो चार विषयांचा होता, आणि चौथा म्हणून तो मूळ विषय घरी परत यायचा होता. मृत्युलेखात ज्याला न लिहिलेला शेवटचा फ्यूग म्हटलं आहे, तो बहुधा हाच. मुलांच्या हातात तो होता आणि त्यांनी त्याला दुसराच कुठला तरी समजून छापला.

विसाव्या शतकात तपासणी सुरांकडून कागदाकडे वळली. योशिताके कोबायाशी या जपानी अभ्यासकाने बाखच्या अखेरच्या वर्षांतलं अक्षर वर्षावर्षाने लावून दाखवलं. ते कसं ताठर होत गेलं, स्वरांची डोकी आणि दांड्या कशा बदलल्या. त्या क्रमात अपुऱ्या फ्यूगची पानं १७५० मध्ये येत नाहीत. ती १७४८-४९च्या सुमाराची ठरतात. त्याच काळात बाख बी मायनरमधल्या थोरल्या मासवर काम करत होता, आणि त्यातले काही भाग या फ्यूगनंतरचे आहेत असं आता मानलं जातं. म्हणजे बाखने हा फ्यूग लिहीत असताना प्राण सोडला नाही. त्याने तो लिहिता लिहिता बाजूला ठेवला आणि दुसरं काम हाती घेतलं.

ही वर्षं शांततेची होती असंही नाही. ८ जून १७४९ रोजी, बाख हयात आणि नोकरीत असताना, लाइपझिगमध्ये गॉटलोब हारर नावाच्या माणसाची कँटरपदासाठी चाचणी झाली. सॅक्सनीचा पंतप्रधान काउंट ब्र्यूल याने त्याची शिफारस केली होती. बाखचं निधन झालं तर, म्हणून. हाररचं संगीत शहरातल्या एका मैफलीच्या दालनात थाटात सादर झालं. बाखला ते कळलं नसेल हे संभवत नाही. त्यानंतर तो आणखी वर्षभर जगला. पुढे ती जागा हाररलाच मिळाली.

मग तो फ्यूग थांबला का? क्रिस्टोफ वोल्फ या बाखच्या आजच्या मोठ्या चरित्रकाराने १९७५ मध्ये एक उत्तर सुचवलं, आणि माझ्या मते आजवरच्या उत्तरांत तेच सगळ्यांत पटण्याजोगं आहे. त्याने पाहिलं, की शेवटचं पान नीट आखलेलं नाही. खालच्या भागातल्या रेघा वेड्यावाकड्या आहेत, तिथे सुवाच्य लिहिता आलं नसतं. ज्याला पुढे बरंच लिहायचं आहे तो माणूस असलं पान घेत नाही. ज्याला थोडंच लिहायचं आहे तो घेतो. शिवाय चार विषयांचा फ्यूग रचणाऱ्याला चौघांचा मेळ आधी बसवावा लागतो. तो बसतो की नाही हे पाहिल्याशिवाय पहिला विषयसुद्धा ठरवता येत नाही. सुताराला चौकटीचा सांधा आधी जमवावा लागतो, दार नंतर. म्हणजे शेवटचा भाग बाखने निराळ्या कागदावर आधीच लिहिलेला असणार, आणि या पानावर तो त्या कागदाला जोडण्यापुरतं लिहीत होता. तो कागद आज नाही.

हे खरं असेल तर मुलाच्या नोंदीचा अर्थ फार बदलतो. नोंद म्हणते, मृत्यूने फ्यूग तोडला. वोल्फचं म्हणणं बरोबर असेल तर फ्यूग मृत्यूने नाही, वारसांनी तोडला. १७५०च्या शरद ऋतूत कागदांची वाटणी झाली. मोठ्या मुलांनी आपापला वाटा नेला. थोरला विल्हेल्म फ्रीडमान याच्या वाट्याचं बरंचसं विकलं गेलं, हरवलं. विधवा आना माग्दालेना हिला पुढे नगरपालिकेच्या मदतीवर जगावं लागलं. १७६० मध्ये ती गेली तेव्हा तिची नोंद भिक्षेवर जगणारी स्त्री अशी आहे. अशा धांदलीत एक सुटा, गिचमिड खर्डा कुणाच्या ध्यानात राहणार? कार्ल फिलिप भावांपैकी सगळ्यांत नेटका. वडिलांचे कागद त्याने जपले. पण या एका ठिकाणी ‘ते गेले’ असं लिहिणं, ‘आमच्याकडून काहीतरी गहाळ झालं’ असं लिहिण्यापेक्षा सोपं होतं. त्याला तरी ते ठाऊक होतं का, हे सांगता येत नाही. मला वाटतं नसावं.

वोल्फचं म्हणणं सर्वांना मान्य आहे असं नाही. काही म्हणतात, असा दुसरा कागद असल्याचा पुरावा काय? काहींच्या मते बाखने तो मुद्दाम अपुरा ठेवला. वाजवणाऱ्याने चौथा विषय शोधून पुरा करावा, असं कोडं म्हणून. बाखला कोड्यांची हौस होतीच. १७४७ मध्ये तो मित्सलर नावाच्या शिष्याने काढलेल्या संगीतशास्त्र मंडळाचा चौदावा सभासद झाला, आणि त्याच्या आडनावाच्या अक्षरांची बेरीजही चौदाच येते. पण बेरजा आणि आकडे यांच्या मागे लागलं की माणूस कुठल्या कुठे पोचतो, म्हणून तो रस्ता मी इथेच सोडतो.

मुलाला मात्र आणखी एका गोष्टीसाठी दोष देताना हात आखडतो. तो संग्रह कुणी घेतला नाही. १७५२ मध्ये मार्पुर्ग या नावाजलेल्या अभ्यासकाची प्रस्तावना जोडून तो पुन्हा विक्रीला काढला, तरी नाही. सप्टेंबर १७५६ मध्ये कार्ल फिलिपने जाहिरात दिली: छपाईचे तांब्याचे पत्रे विकायचे आहेत, साठांहून अधिक, वजन अंदाजे एक हंड्रेडवेट. म्हणजे मणा-दीड मणाचं तांबं. आजवर तीसच प्रती खपल्या, हेही त्याने लिहून टाकलं. दोनच आठवड्यांपूर्वी त्याच्या धन्याचं सैन्य सॅक्सनीत घुसलं होतं, सात वर्षांचं युद्ध सुरू झालं होतं. आपल्याकडे ताम्रपट म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर टिकायचा शब्द. इथे वडिलांची अखेरची कला तांब्यावर कोरलेली होती आणि मुलगा तिचं वजन जाहीर करत होता.

त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षं हा संग्रह अभ्यासकांचा राहिला, ऐकणाऱ्यांचा झाला नाही. बाखने तो जवळजवळ सगळा चार ओळींत, प्रत्येक आवाज वेगळा लिहिला आहे आणि वाद्याचं नाव दिलेलं नाही. त्यामुळे हा ऐकण्यासाठी नाहीच, डोळ्यांनी वाचण्यासाठी आहे, असा समज रूढ झाला. वोल्फगांग ग्रेझर या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या अतिशय हुशार मुलाने तो वाद्यवृंदासाठी बांधला, आणि २६ जून १९२७ रोजी लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये, बाखच्याच जागी, कार्ल श्ट्राउबेच्या हाताखाली तो वाजला. पुढच्या वर्षी ग्रेझरने आत्महत्या केली. वय एकवीस. या रचनेभोवती मृत्यूच्या कथा का जमतात कोण जाणे, पण ही एक तरी खरी आहे.

वाद्याचा प्रश्न गुस्टाव्ह लेओनहार्टने १९५२ मध्ये बराचसा मिटवला. चारही आवाज एका माणसाच्या दोन हातांत बसतात, तेव्हा हे पट्ट्यांच्या वाद्याचंच संगीत आहे, असं त्याने दाखवलं. (दोन आरसे-फ्यूगांपैकी एकाला मात्र दोन माणसं हवीत.) आणि याला सगळ्यांत सरळ दाखला तोच अपुरा फ्यूग आहे. तो बाखने चार ओळींत लिहिलेला नाही. दोन ओळींत, डावा हात उजवा हात असा, वादकापुढे ठेवावा तसा लिहिला आहे.

तो पुरा करण्याचे प्रयत्न खूप झाले. बुसोनीने १९१०च्या सुमाराला त्यावर स्वतःचीच एक प्रचंड रचना उभी केली. डोनाल्ड टोवीने १९३१ मध्ये शिस्तशीर शेवट जोडला. त्यानंतर दर काही वर्षांनी एखादा नवा येतो. जे ऐकले त्यांत टोवीचा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. चौथा विषय वरून उतरतो आणि बाकीचे तीन त्याला वाट करून देतात, ते ऐकताना नोटेबोमने काय शोधलं ते कानाला कळतं. तरी एकदा ऐकल्यावर मी परत बिनजोडाच्या ध्वनिमुद्रणाकडेच जातो. सवय म्हणा. त्या कॅसेटने कान तसे केले.

वडिलांना हे सगळं मी त्यांच्या उतारवयात सांगितलं. अक्षराचा क्रम, वेडावाकडा आखलेला कागद, हरवलेला खर्डा. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे त्यांच्याच घरात राहिलं होय ते?’ ते तीस-पस्तीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात नोकरीला होते.

आता ती कॅसेट नाही, लावायला यंत्रही नाही. फोनवर तोच अपुरा फ्यूग सापडतो. २३९वा बार येतो, एकटा आवाज दोन पावलं पुढे जातो, थांबतो, आणि दुसऱ्याच क्षणी फोन आपण होऊन भलतंच काहीतरी सुरू करतो. ती सोय मी बंद करून ठेवली आहे.